नदीने पेरलेली बेटे

नदी म्हटली की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे घाट येतो. कृष्णा घ्या, गोदावरी घ्या. त्यांची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. २०१९ साली कृष्णेने सांगलीकरांना माडीवर चढायला लावले खरे. पण पाणी उतरल्यावर ती मुकाट्याने आपल्या पात्रात परत गेली. ब्रह्मपुत्रेला असे कायमचे घरच नाही!

आसामात जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून माजुली बेटाकडे बोट सुटते. कार्तिकात आम्ही उभयता तिच्यात बसलो. पलीकडचा काठ दिसेना. वेणीचे पेड सुटावेत आणि पुन्हा गुंफले जावेत, तसे कितीतरी प्रवाह, आणि मध्ये वाळूची बेटे. गुवाहाटीपाशी सराईघाटला हीच नदी जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद. इतरत्र मात्र कित्येक ठिकाणी दहा किलोमीटरांहून अधिक. हिमालयातून आणलेला गाळ वाहवत नाही, तेव्हा ती तो वाटेतच टाकते आणि आपणच त्याला वळसा घालते. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात डोंगर कोसळून त्यांची माती नदीत आली, पात्र उंचावले, आणि तिचा धसमुसळेपणा आणखी वाढला.

बेटांवर पांढरेशुभ्र काहीतरी डोलत होते. सौ.ना वाटले कापूस. तो होता काश! संस्कृत काव्यांतल्या शरद ऋतूचे हे नेहमीचे लेणे. आसामी लोक त्याला कहुवा म्हणतात. या गवताचे वेळापत्रक मोठे नामी आहे. पूर ओसरू लागतो आश्विनाच्या सुमारास, आणि नेमके तेव्हाच त्याचे म्हातारीसारखे केसाळ बी वाऱ्यावर सुटते. खाली ओली, उघडी, कोणाचीही मालकी नसलेली वाळू तयारच असते. बी रुजले की जमिनीखालून खोडे पसरतात आणि वाळूला धरून ठेवतात. पुढच्या पुराचे पाणी त्या पात्यांत अडते, मंदावते आणि बारीक गाळ तिथे ठेवून जाते. बेट थोडे वर येते. मग झाऊची झुडपे, नळ, पुरुषभर उंचीची गवते. आणखी काही वर्षे निभावली तर काटेसावर. जाणकाराने नुसती झाडी पाहून बेटाचे वय ताडावे.

निभावली तर, हे मात्र खरे. एखाद्या मोठ्या पुरात सावरीसकट सारे बेट वाहून जाते. तीच माती खाली कुठेतरी थबकते, आणि तिथे पुन्हा पहिला मान काशाचा.

हे ऐकायला गोड वाटते. बोटीत शेजारी एक वयस्क मिसिंग गृहस्थ होते. "दादा, गाव कुठले आपले?" असे मी हिंदीत विचारले, तर त्यांनी पाण्याकडे बोट केले.

"तिथे होते. तीनदा घर हलवले."

मिसिंग लोक खांबांवर उचललेली घरे बांधतात. पाण्याला खालून वाट द्यायची ही त्यांची जुनी रीत. पण जमीनच गेली तर खांब रोवायचे कशात? विसाव्या शतकाच्या आरंभी माजुली सुमारे साडेबाराशे चौरस किलोमीटर होती. आज तिच्यातली निम्मीही उरलेली नाही.

"मग बांध का नाही घालत?" सौ.नी विचारले.

"घातलेत ना, बाइदेउ. बांधाआड शेत वाचते, पण नवा गाळ येत नाही. पूर नको, अन् गाळ तर हवा! नदी ऐकते होय?"

पुढे दक्षिण काठाच्या काझीरंगाला गेलो, तेव्हा हीच अडचण गेंड्याच्या बाजूने पाहायला मिळाली. २०२२ च्या गणतीत तिथे २,६१३ गेंडे भरले. त्यांना हवे उंच गवत आणि उघडी तळी. पूर यायचा थांबला तर गवतात झाडे शिरतील, तळी जलपर्णीने बुजतील. वनखाते दरवर्षी गवत जाळून झाडांना थोपवते. पण जलपर्णी लोटून नेण्याचे काम पूरच करतो, तेही फुकट. मात्र त्याच पुरात हरणे बुडतात. पाणी चढले की जनावरे महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे धाव घेतात. म्हणून त्या दिवसांत मोटारींना वेळेची चिठ्ठी मिळते. ठरल्या वेळेआधी पलीकडच्या नाक्यावर पोहोचलात की दंड. आमचा चालक हसून म्हणाला, "पुरात इथे मोटार नाही चालवत साहेब, बैलगाडी हाकतो. हरणे आधी जातात, मग आम्ही."