चिखलातली मोटारसायकल

वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीपर्यंत डांबर पोचलेले नाही. शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा. जूनचे दोन पाऊस पडले की तो रस्ता राहत नाही, भाताचे खाचर होते. माझी नोकरी शिरवळच्या बाजूला, पाळीची. रात्रपाळी सुटते त्या वेळी एस.टी. नसते. म्हणून २०१६ साली हप्त्यांवर स्प्लेंडर घेतली. तीन वर्षे हप्ते भरले. एवढी किमतीची दुसरी वस्तू आमच्या घरात नाही. पुढच्या जूनमध्ये मुलीला नर्सिंगला घालायचे आहे. गाडी विकून पहिली फी भरायची आणि आम्ही शिरवळला खोली घेऊन राहायचे, असे ठरले आहे. तेव्हा गाडी नवी दिसणे ही आमच्याकडे हौस नव्हे.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याची मुले केळदच्या मढे घाटाकडे उंच गाड्या घेऊन जातात. चिखल-दगडासाठी बनवलेली हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली होती, २०१९ मध्ये एक्सपल्स आली. त्यांचे पुढचे मडगार्ड चाकापासून वर असते, चिखल निघून जातो. आमच्या गाडीचे मडगार्ड चाकाला बिलगलेले. चिखल आत बसतो, वाळतो आणि पत्र्याला खातो.

ही मुले परतताना रस्त्याकडेला जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊन घेतात. माझ्या मते गाडी लवकर म्हातारी होते ती या फवाऱ्याने. चाकाच्या आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये तो पाण्याबरोबर बारीक वाळूही घुसवतो. ग्रीस निघून जाते आणि काही दिवसांनी चाक खडखडू लागते. वर डिझेल मारून घेतले तर दोन दिवस चमक राहते, मग त्यावरच धूळ चिकटते. रबर फुगते ते वेगळेच.

आमची धुलाई बादली आणि मगाची. घरी आल्यावर इंजिन निवू द्यायचे, चहा होईपर्यंत. सायलेन्सरच्या तोंडात पिशवीचा बोळा. मग नुसते पाणी ओतून चिखल भिजू द्यायचा. वाळलेला चिखल कधीही फडक्याने घासू नये. त्यातली वाळू काचकागदासारखी रंग ओरबाडते. मडगार्डच्या पोटात हात घालून चिखल काढायचा. एक रुपयाची शाम्पूची पुडी पुरते. धुण्याचा सोडा नको, इंजिनचे अ‍ॅल्युमिनियम काळे पडते. स्पोकच्या मुळाशी जुना टूथब्रश, ही सौ.ची युक्ती. पुढचे दोन चकाकते पाइप जरूर पुसावेत. तिथला वाळका चिखल ऑइल सील कापतो आणि तेल गळू लागते.

शेवटी सुती लुगड्याच्या फडक्याने कोरडे करून, ब्रेक हलकेच दाबत गाडी थोडी फिरवून आणायची. ओल्या ब्रेकने घाटाचा उतार उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

चेनचे झाकण पावसाळ्यात महिन्याला उघडावे. ब्रश डिझेलमध्ये बुडवून चेन साफ करावी (डिझेलची जागा एवढीच), पुसावी, मग नव्वद नंबरचे ऑइल थेंबाथेंबाने सोडावे. रिम-स्पोकवर तेलाचा नुसता हात फिरवावा, मात्र ब्रेकपाशी थेंबही जाऊ देऊ नये.

गाडी गोठ्यात लावू नये, तिथली दमट वाफ लोखंडाला वाईट. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तरी आत ओल कोंडते. पडवी बरी.

२० मार्चला आम्ही वरंधा घाटातून महाडला, चवदार तळ्यावर जाऊन येतो. तेव्हा चिखल नसतो, धूळ असते. तीही आधी पाण्यानेच काढायची. एअर फिल्टर त्याच आठवड्यात गॅरेजमध्ये दाखवून घ्यावा.

जुन्या गाड्यांचा जाणकार टाकीची चमक बघत नाही. तो खाली वाकतो. स्पोकची मुळे, सायलेन्सरचा सांधा, सीटखालचा पत्रा बघतो. गेल्या महिन्यात भोरचा एक जण घरी आला आणि त्याने मडगार्डच्या आत बोट फिरवले. बोटाला गंज लागला नाही, तेव्हा किंमत विचारू लागला. जूनच्या आधी द्यायची नाही, असे मुलीनेच त्याला सांगितले. रविवारी स्पोक तिच्याकडे असतात.