जामीनदार

सिबिल म्हटलं की आपल्याला ३०० ते ९०० मधला एक आकडा आठवतो. त्याखालची पानं कोण उघडतं? बहिणीच्या एज्युकेशन लोनला बाबा सहकर्जदार होणार होते, म्हणून मी त्यांच्याकडून ओटीपी घेऊन रिपोर्ट काढला. (रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तो चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घटत नाही. त्यासाठी भलत्या ॲपला नंबर देत बसू नका.)

बाबांनी आयुष्यात एकच कर्ज घेतलं, घराचं, तेही कधीच फिटलं. रिपोर्टमध्ये खाती मात्र दोन. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं: गॅरंटर.

खाली महिन्यांची चौकट असते. हप्ता किती दिवस थकला, ते प्रत्येक घरात. मला दिवसभर लॉग वाचायची सवय, म्हणून ओळीने वाचत गेलो. ०००, ०००, ०००. मग ०३०. मग ०६१. मग ०९१, म्हणजे बँकेच्या भाषेत खातं एनपीए. बाबांच्या मित्राचं दुकान बंद पडलं तेव्हाचे हे महिने. काका घरी यायचे थांबले तेव्हाचे. आई विचारायची, बाबा म्हणायचे, "कामात असेल."

शेवटी: क्लोज्ड. सेटल्ड नाही, सेटल्ड म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली. इथे पैन्‌पै भरलेली. आणि त्याच महिन्यात बाबांनी गाडी विकली होती, "आता कुठं फिरायचंय" म्हणत.

मी विचारलं तर म्हणाले, "त्याची पोरं शिकत होती रे." मग थोड्या वेळाने, "ते आकडे काढून टाकता येतील का?"

नोंद चुकीची असेल तर तक्रार करता येते. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पण इथली नोंद खरी होती. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सही करताना हे बाबांना कुणी सांगितलं नसेल. सांगितलं असतं, तरी त्यांनी केलीच असती असं मला वाटतं.

बहिणीच्या अर्जावर आता माझी सही आहे. आईला गाडीचं कारण अजून माहीत नाही.