साष्टी बेटाला वळसा

ठाणे शहर बेटावर वसले आहे, हे ठाण्यात राहणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात नसते. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदीचे मुख म्हणजे वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. या पाण्याच्या मधोमध साष्टी बेट. मुलुंड, भांडुप, बोरिवली सारे त्याच बेटावर. आम्ही कल्याण-डोंबिवलीचे लोक मात्र पलीकडच्या मुख्य भूमीवरचे. रोज सकाळी लोकलच्या दारात लोंबकळत कळव्याजवळ खाडी ओलांडायची आणि रात्री परत यायचे. १८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत आली, तेव्हापासून हे चालू आहे. बेटावर जायचे ते कामाला. बेट पाहायला कोण जातो?

यंदा एप्रिलअखेर आम्ही उभयता चार दिवस गाडी घेऊन ते पाहायला गेलो.

आपला समाज प्रवास करत नाही असे मुळीच नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, विजयादशमीला नागपूर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. पोराबाळांसह, भाकरी बांधून, रात्र रस्त्यावर काढून आपण जातो. पण कुणाचे लग्न नाही, मयत नाही, अशा वेळी नवरा-बायकोने दोघांनीच बाहेर पडायचे म्हटले की घरात भुवया उंचावतात. माझी नणंद म्हणाली, “पक्षी बघायला? तुमच्या खिडकीत कावळे येत नाहीत का?”

तिचे चुकत नव्हते. हे वेल्डर आहेत. २७ वर्षांच्या नोकरीत रजा अशी त्यांनी घेतलीच नाही. शिल्लक रजेचे पैसे घ्यायचे आणि ते मुलांच्या फीला किंवा घराच्या हप्त्याला लावायचे, हाच आमच्या चाळीतला रिवाज. पण ही पगारी रजा आली कुठून? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या काळात, १९४५ मध्ये, कारखाने कायद्यात पगारी सुट्टीची तरतूद झाली आणि १९४६ मध्ये कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पुढे १९४८ च्या कायद्याने वीस दिवस कामाला एक दिवस रजा असा हिशेब बसवला. ती रजा मजुराने विसावा घ्यावा म्हणून होती. आम्ही ती वर्षानुवर्षे विकत आलो. गरजेपोटी विकली, त्याचे दुःख नाही. पण दोन्ही मुले कमावती झाल्यावरही विकायची, हे मला पटेना.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले. पलंग, चूल, न्हाणीघर असलेली ती गाडी भाड्याने घेणे आमच्या आवाक्यातले नव्हे. पुतण्याची शाळेच्या मुलांना ने-आण करणारी व्हॅन परीक्षा संपल्यामुळे उभी होती. त्याने मागच्या सीट काढल्या, ह्यांनी लोखंडी पाये जोडून फळी बसवली, वर गादी आणि गोधडी. फळीखाली पाण्याचे कॅन, छोटी शेगडी, पिठाचा डबा. खिडक्यांना मच्छरदाणीचे तुकडे शिवायचे काम माझे. एप्रिलच्या उकाड्यात काचा लावून झोपता येत नाही आणि खाडीकाठचे डास उघड्या काचा ठेवू देत नाहीत.

शिळफाट्यावरून महापे मार्गे पहिल्या संध्याकाळी ऐरोलीला पोहोचलो. ह्यांच्या जुन्या सोबत्याच्या इमारतीच्या आवारात गाडी लावली. ऐरोलीला वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून आहे. तेथून खाडीत बोट जाते. बोट चालायला पुरेसे पाणी लागते आणि पक्ष्यांना चरायला उघडा चिखल लागतो, म्हणून बोटीची वेळ भरती-ओहोटी पाहून रोज बदलते.

सकाळी दोन्ही बाजूंच्या तिवरांमधून बोट निघाली. तिवराची मुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात. ती हवा घेण्यासाठी. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. निवटी आम्ही बाजारात टोपलीत पाहिलेली. जिवंत, डोळे वटारून दुसरीशी भांडताना पहिल्यांदाच पाहिली. मग बोटवाल्याने इंजिन मंद केले. समोर चिखलावर गुलाबी पट्टा पसरलेला. जवळ गेल्यावर त्या पट्ट्याला पाय फुटले, माना फुटल्या. रोहित पक्षी! मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत होते. धाकटा रोहित पाण्यातले शेवाळ खातो आणि त्या खाण्यातूनच त्याला रंग चढतो. पिल्ले करड्या रंगाची असतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ च्या मोजणीत मुंबई-ठाण्याच्या खाडीत लाखावर रोहित भरले होते. २०१५ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. डोंबिवलीत गुलाबी रंग म्हटले की आम्हाला २०२० सालचा एमआयडीसीतला रस्ता आठवतो, रसायनाने गुलाबी झालेला. आपल्या सांडपाण्यावर वाढणारे शेवाळ खाऊन हा पक्षी इतका देखणा होतो, याचे नवल करावे की काळजी, मला ठरवता आले नाही. हे तासभर एक शब्द बोलले नाहीत. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ह्यांचे डोळे कायम लाल असतात. त्या दिवशी काळा चष्मा न लावता उन्हात बघत राहिले.

ऐरोलीचा पूल ओलांडून बेटावर आलो आणि ठाण्यातून घोडबंदर रस्त्याला लागलो. तिथे रात्री एका उंच इमारतींच्या संकुलाबाहेर, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला थांबलो. अर्ध्या तासात रखवालदाराने काच वाजवली. “इथे असली माणसं झोपलेली साहेब लोकांना चालत नाहीत.” असली म्हणजे कसली, ते त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. त्याचीही नोकरीच. पुढे एका वस्तीत निळा झेंडा दिसला. विहाराजवळ कॅरम खेळणाऱ्या पोरांना “जय भीम” म्हटले. कुठले, कोण, काही न विचारता त्यांनी आवाराचे फाटक उघडले आणि नळ दाखवला.

तिसरा दिवस कान्हेरीचा. ज्या जंगलाला एका अंगाने ठाण्याचे येऊर आणि दुसऱ्या अंगाने बोरिवली टेकलेली आहे, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. गाडी बाहेर ठेवून उद्यानाच्या बसने वर गेलो. वाटेत चितळांचा कळप दिसला, वानरे दिसली. बिबट्या दिसला नाही. तो आपल्याला पाहतो, आपण त्याला पाहावे असा नियम नाही.

कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून हजारेक वर्षे येथे भिक्खू राहिले. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना तथागतांच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. तिथे आम्ही त्रिसरण पंचशील म्हटले. पण माझे मन गुंतले ते पाण्यात. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात टाके, आणि डोंगरावरून पाणी टाक्यात आणणाऱ्या कोरीव पन्हळी. एवढ्या उन्हातही कित्येक टाक्यांत पाणी होते.

येथे कोरलेल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत आपल्या कल्याणची माणसे आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. राजाने नव्हे, लोहाराने! मी हे वाचून गेले होते, ह्यांना तिथेच सांगितले. ह्यांनी पायाखालच्या झिजलेल्या पायऱ्यांकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “छिन्नीला पाणी चांगलं दिलं असणार त्यानं.”

टाक्याच्या काठी बसले असताना दुसरे टाके आठवले. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह सहलीला निघाले होते, वेरूळची बौद्ध लेणी पाहायला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनीच ते लिहून ठेवले आहे. वाटेत कुणी ओळखून अडवू नये म्हणून आपण कोण हे सांगायचे नाही, असे ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने भरलेले हातपाय त्यांनी टाक्याच्या पाण्याने धुतले, तर टाके बाटवले म्हणून लोक धावून आले. बॅरिस्टर झालेल्या माणसाची सहल अशी! आणि इथे आपल्या गावच्या सोनाराने येणाऱ्याजाणाऱ्यासाठी खोदवलेले टाके. मी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. (पिऊ मात्र नये, पिण्याचे पाणी बरोबर न्यावे.)

रात्री वसईची खाडी ओलांडून नालासोपाऱ्याला भाचीकडे. ती घरात झोपा म्हणून रुसली, पण आम्हाला आता आमच्या फळीची सवय झाली होती. सकाळी सोपाऱ्याचा स्तूप पाहिला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. दगडी करंड्यात डब्यांच्या आत डबे निघाले आणि भिक्षापात्राचे मानले जाणारे तुकडे. तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. आज उरला आहे विटांचा स्तूप, झाडे आणि शांतता. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. आठवा लेख सहलीविषयी आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि चैन. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेची यात्रा केली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. वडीलधाऱ्यांना भेटावे, दान द्यावे, खेड्यातल्या लोकांशी बोलावे. नणंदेला हे सांगायचे मी ठरवून टाकले.

चिंचोटीवरून कामण, भिवंडी करत परतलो. भिवंडीच्या रस्त्यात मालमोटारींत अडकून तीन तास गेले, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी रोहितांसाठी नोव्हेंबर ते मे हा काळ धरावा, बोटीची वेळ आधी विचारून ठेवावी. उद्यान आणि लेणी सोमवारी बंद असतात. गाडी नसली तरी अडत नाही; बोरिवली स्टेशनपासून उद्यानाचे फाटक जवळ आहे आणि ऐरोलीला लोकल जाते. आमचा चार दिवसांचा खर्च गावच्या एका फेरीपेक्षा कमीच झाला. पुतण्याने सीट पुन्हा बसवून घेतल्या आहेत. फळी आमच्या गॅलरीत उभी आहे आणि ह्यांच्या खात्यावर अजून अकरा दिवसांची रजा आहे.