दादांची गाडी आणि चिरंजीवांचा वेग

जुन्या वस्तूंविषयी मनुष्याला जी माया असते, ती हिशेबाच्या वहीत बसत नाही. घरातले चेपलेले घंगाळ मोडीत घालावे असे सुनेने सुचविले, की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. घंगाळ राहते, वापरात मात्र कधी येत नाही. आमच्याही घरी असे एक घंगाळ होते. फरक इतकाच, की त्याला चार चाके होती.

जुन्या हुबळीत भवानीशंकराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. बोळ इतका अरुंद, की समोरून हातगाडी आली तर दोघांपैकी एकाने मागे सरावे. आमचे तीर्थरूप दादा येथील रेल्वे वर्कशॉपमध्ये चार्जमन होते. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या या कारखान्याने आमच्या घराच्या तीन पिढ्या पोसल्या. १९९८ साली निवृत्त होताच दादांनी फंडाच्या पैशांतून एक पांढरी मारुती ८०० घेतली. त्याच दिवशी एक लाल कापडी बांधणीची वहीही घेतली. गाडीत घातलेल्या पेट्रोलचा प्रत्येक लिटर, बदललेला प्रत्येक प्लग, भरलेली प्रत्येक हवा त्या वहीत तारखेनिशी नोंदलेली आहे. २०१३ साली गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली, तेव्हा आर.टी.ओ.कडे स्वतः जाऊन त्यांनी ती पुढील पाच वर्षांसाठी नवी करून आणली. त्यांनी केलेले गाडीचे ते अखेरचे काम. पुढच्या वर्षी दादा गेले, आणि वही व गाडी आमच्या हाती आली.

ही हकीकत २०१८ सालच्या उन्हाळ्यातली. बेळगावचे एक लग्न आटोपून आम्ही रात्री परत येत होतो. शेजारी चिरंजीव, मागे आई आणि सौ. बेळगावहून कित्तूरमार्गे धारवाडच्या अलीकडे येईपर्यंत रस्ता चौपदरी. जाणाऱ्याचा मार्ग वेगळा, येणाऱ्याचा वेगळा. परंतु नरेंद्रपासून हुबळीच्या गब्बूरपर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता त्या काळी दुपदरीच होता. मुंबई-बंगळूर महामार्गाची सारी अवजड वाहतूक त्या चिंचोळ्या पट्ट्यातून समोरासमोर धावत असे. आमच्यापुढे एक टिपर रखडत चालला होता. समोरचे दिवे दूर दिसले म्हणून आम्ही गाडी बाहेर काढली आणि पायाखालचा पेडल तळाशी टेकविला. आवाज वाढला, वेग वाढेना. टिपरच्या मधल्या चाकापाशी पोहोचतो न पोहोचतो, तोच दूरचे दिवे एका बसचे होऊन डोळ्यांत घुसले. ब्रेक दाबून पुन्हा टिपरच्या मागे शिरलो, तेव्हा बसच्या वाऱ्याने आमची गाडी हलली. पुढचे काही मैल कोणी बोलले नाही. मग आई एवढेच म्हणाली, "हळूच चल रे. मला काही घाई नाही."

घरी येऊन आम्ही कागदावर आकडे मांडले. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. दोन वाहने त्याच वेगाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला ४४ मीटरने आटते. आम्ही टिपरशेजारी आणखी पाच सेकंद रेंगाळलो असतो, तर बस २२० मीटर दूर असूनही पुरली नसती. वाचकहो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, हे निराळे सांगावयास नको.

चिरंजीव त्या वेळी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात. त्याने तोडगा तयारच ठेवला होता. "बाबा, गाडी तीच ठेवू. आत एस्टीमचे इंजिन बसवू, रुंद टायर घालू, सायलेन्सर बदलू. आजोबांची गाडी आजोबांचीच राहील, आणि पळेलही." खरे सांगावयाचे तर हा तोडगा आम्हांस तत्काळ पटला. वस्तू टाकून न देता तिला सुधारून घ्यावे, यात आम्हांस एक प्रकारची निष्ठा दिसली.

ही वृत्ती आमच्या पिढीत कोठून आली, हे सांगितले पाहिजे. आमच्या लहानपणी मोटार म्हणजे ॲम्बॅसडर किंवा फियाट. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी या नावांनी विकली गेली. नाव पालटले, गाडी बहुतांशी तीच राहिली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेव्हा ज्याच्यापाशी जे होते, त्यातच तो बदल करून घेई. कोणी ॲम्बॅसडरमध्ये डिझेलचे इंजिन बसवी, कोणी पत्र्याला पत्रा जोडी. तो हौसेचा नव्हे, टंचाईचा मार्ग होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे १९९० नंतर बाजार खुला झाला, आणि एकाची गरज संपलेली चांगली गाडी दुसऱ्याला सहज मिळू लागली. टंचाई गेली, आमच्या मनातली सवय मात्र गेली नाही.

दादांच्या वेळेपासूनचे आमचे मिस्त्री कमरीपेठेच्या बाजूस राहतात. त्यांच्यापुढे बेत मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि कानडीत विचारले, "साहेब, पळवायची आहे ते कळले. थांबवायची कशी?" मग त्यांनी एकेक कडी मोजावयास आरंभ केला. मोठे इंजिन बसविले, की जुना गिअरबॉक्स आणि क्लच त्याचा जोर सोसणार नाहीत, तेही बदला. वजन पुढे वाढले, की स्प्रिंगा आणि शॉक-ॲब्सॉर्बर बदला. ही गाडी १२ इंची चाकांवर, आपल्याच वेगाला पुरतील अशा ब्रेकांवर उभी केलेली. वेग वाढला, की ब्रेक बदला. इंजिन मोठे, म्हणून रेडिएटर मोठा. आणि एवढे करून वीस वर्षांचा पत्रा तो वीस वर्षांचाच. केवळ सायलेन्सर, एअर फिल्टर आणि कार्बुरेटरचे जेट बदलले, तर आवाज भरपूर वाढेल; शक्ती दोन-चार अश्वांनी वाढली तर वाढली. रुंद व उंच टायर घातले, तर ते फिरविण्यात लहान इंजिनाची उलट दमछाक होईल आणि गाडी सुटताना अधिकच मंद वाटेल. साऱ्या कामाचा त्यांचा अंदाज एक लाख चाळीस हजारांचा होता. त्या वेळी ती गाडी बाजारात चाळीस हजारांनाही गेली नसती.

चिरंजीवाचा चेहरा उतरला. पण मुलगा हट्टी असला तरी गणिताला मान देणारा आहे. रात्री त्याने स्वतःच तक्ता केला. मारुती ८०० ची शक्ती ३७ अश्व, वजन साडेसहाशे किलो. आम्ही चौघे आणि सामान धरून ते नऊशेच्या वर जाते. म्हणजे दर शंभर किलोंमागे जेमतेम चार अश्व. २०१२ च्या सुमाराची पेट्रोलवरील स्विफ्ट घेतली, तर ११९७ घन सेंटीमीटरचे इंजिन, सुमारे ८५ अश्व, आणि आम्हां सर्वांसह वजन सव्वाबाराशे किलो. म्हणजे शंभर किलोंमागे जवळजवळ सात. आणि तिचे ब्रेक, चाके, स्प्रिंगा त्या सात अश्वांचा विचार करूनच एका हाताने आखलेल्या.

उरलासुरला मोह कायद्याने घालविला. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. इंजिन बदलावयाचे तर परवानगी हवी. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने मालकाने केलेल्या बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. शिवाय विमा उतरविलेला असतो तो कागदावरच्या गाडीचा. न कळविता गाडी वेगळी केली, तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उभा राहू शकतो. ज्या गाडीत आईला बसवावयाचे, ती कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी असावी, हे आम्हांस रुचेना.

शोध सुरू झाला. कोल्हापूरच्या मामेभावाने आपली गाडी घरोब्याच्या किमतीत देऊ केली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या पुष्कळ घरांना असा मोह पडतो, म्हणून चार शब्द लिहितो. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवली, तर इथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत पत्र आणावे लागते, इथला कर नव्याने भरावा लागतो, आणि तिथे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. हा सारा खर्च मिळविला, तेव्हा नात्यातली स्वस्त गाडी महाग ठरली.

अखेर धारवाडच्या एका निवृत्त गृहस्थांची, एबीएस आणि एअरबॅग असलेली २०१२ ची स्विफ्ट तीन लाख साठ हजारांना ठरली. मिस्त्री बरोबर होते. त्यांनी प्रथम बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री केली, कारण आधी तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपविते. टायरच्या बगलेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. सर्व्हिसच्या पावत्यांवरील किलोमीटर मीटरशी ताडून पाहिले. कर्जाचा बोजा नोंदणीपत्रावर नाही, हे आम्ही पाहिले. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आणि चौदा दिवसांच्या आत विमाही आमच्या नावे करून घेतला.

वरवर पाहता फेरफाराचा मार्ग निम्म्याहून स्वस्त होता, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पण फेरफारात घातलेला रुपया परत येत नाही. विकावयास गेलो तर घेणारा त्या बदलांना भितोच. चांगल्या वापरलेल्या गाडीत घातलेल्या रुपयांपैकी बरेचसे, पुढेमागे विकताना, हाती येतात.

राहता राहिला प्रश्न दादांच्या गाडीचा. आईला कसे सांगावे, या विवंचनेत आम्ही आठवडा घालविला. तिला मात्र सारे ठाऊकच होते. एके संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून ती म्हणाली, "तुझे दादा चाळीस वर्षे वर्कशॉपात होते. डबा ज्या कामाचा, त्याच कामाला लावायचा, असे म्हणत. ही गाडी गावातली आहे. तिला हमरस्त्यावर पळवू नका आणि तिचे आतडे काढून दुसरे घालू नका. ज्याला गावात फिरायचे आहे, त्याला द्या."

पहिल्यांदा गाडीची नोंदणी पुन्हा नवी करून घेतली आणि मग ती कुंदगोळच्या एका शाळामास्तरांना बत्तीस हजारांना दिली. त्यांना घरापासून शाळेपर्यंत रोज जावयाचे होते, आणि पावसाळ्यात दुचाकीवर दोन मुलांना नेणे जमत नव्हते. किल्ली देताना आमचा घसा दाटला. आई आतून ती लाल वही घेऊन आली. ती आपल्याजवळच राहावी अशी आमची फार इच्छा होती. आई म्हणाली, "वही गाडीची आहे. ती गाडीबरोबरच जाऊ दे." मास्तरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

चिरंजीवाला नवी गाडी देण्यापूर्वी आम्ही एक अट घातली: पहिले सहा महिने आम्ही शेजारी बसणार. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा पेडल गरजेपेक्षा अधिक दाबला, आणि दोनदा त्याला किल्ली परत द्यावी लागली. तिसऱ्यांदा तशी वेळ आली नाही. त्याच बाह्यवळण रस्त्यावर टिपरमागे असताना त्याने गाडी बाहेर काढली, समोर दूर दिवे पाहिले, आणि पुन्हा आत घेतली. "गेलो असतो, बाबा," तो म्हणाला, "पण जायलाच हवे असे नव्हते." मोकळा रस्ता मिळाला तेव्हा तो काही क्षणांत टिपरच्या पुढे निघून आपल्या बाजूस परतला. अधिक शक्तीचा उपयोग तो इतकाच: उलट्या बाजूस घालवावयाचा वेळ कमी व्हावा.

जानेवारी २०२१ मध्ये याच रस्त्यावर इट्टिगट्टीजवळ दावणगेरेहून गोव्याकडे निघालेल्या मैत्रिणींच्या वाहनाची आणि टिपरची टक्कर झाली आणि दहांहून अधिक जीव गेले. पुढे या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. ती बातमी वाचली त्या दिवशी चिरंजीव बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसला होता. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि जवळ बसली.

गेल्या वर्षी सिद्धारूढांच्या जत्रेत मास्तर भेटले. गाडी ठीक आहे ना, असे विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "ठीक आहे. वही भरत आली आहे. दुसरी घ्यावी लागेल."