परिक्रमेचा पाय

तिलवाऱ्याच्या घाटावर संध्याकाळी बसले की परिक्रमावासी दिसतात. नर्मदामाईला उजव्या हाताला ठेवून काठीच्या आधाराने चालणारी ती माणसे! आमच्या दादांच्या मनातही निवृत्तीनंतर परिक्रमा करण्याचे होते. आणि नेमकी त्यांच्याच मांडीत गाठ निघाली.

ती दुखत नव्हती, म्हणून तिचे भय वाटले नाही. एका डॉक्टरांनी चरबीची गाठ समजून, तुकडा आधी न तपासताच, ती काढून टाकली. पंधरवड्याने अहवाल आला : सार्कोमा. स्नायू, चरबी यांत उद्भवणारा हा कर्करोग प्रौढांच्या कर्करोगांत शंभरात एखादाच. त्यातही पन्नासाहून अधिक जाती. "पाय काढावा लागेल," असे कोणी म्हणाले. दादा काहीच बोलले नाहीत. फक्त घाटावर येईनासे झाले.

आम्ही परळला टाटा रुग्णालयात गेलो. १९४१ साली उघडलेल्या त्या वास्तूत साऱ्या देशाच्या भाषा कानी पडतात. तिथे कळले, की १९८२ साली अमेरिकेत ४३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काहींचा अवयव तोडला. काहींची गाठ भोवतालच्या निरोगी मांसासह काढून किरणोपचार दिले. दुसऱ्या गटात काहींचा रोग त्याच जागी परतला, परंतु जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पुढे अवयव राखणे हा नियम झाला, तोडणे हा अपवाद. रसायनोपचार मात्र सर्वांनाच नसतात. रोगाची जात, आकार व फैलाव पाहून ते ठरतात.

दादांची जखम पुन्हा उघडावी लागली. पहिल्याच वेळी सुईने नमुना घेतला असता, तर हे दुसरे दुखणे कदाचित टळते. खोलवर असलेली, वाढणारी किंवा पाच सेंटिमीटरांहून मोठी गाठ सुरीपूर्वी तपासावी, एवढे शहाणपण आम्ही महागात विकत घेतले.

हा रोग बहुधा फुप्फुसांकडे धाव घेतो. म्हणून दर तीन महिन्यांनी छातीची तपासणी होते. अहवाल येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

परवा दादा घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. मी हात पुढे केला.

"राहू दे रे," ते म्हणाले, "मोजतो आहे."

मग मीही मनात मोजू लागलो.