सिंह आणि बाणांची जुडी

जुनी छापील चित्रे पाहण्याचा मला छंद आहे. नेदरलँड्समधील सोळाव्या-सतराव्या शतकांतील चित्रे मला विशेष प्रिय आहेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने बारीक रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, पृष्ठभाग स्वच्छ पुसायचा आणि वर ओलसर कागद ठेवून तो पत्रा दाबयंत्रातून काढायचा, अशी ती रीत. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. राजवाड्यातील तैलचित्र मोजकेच लोक पाहत. छापील चित्र मात्र दुकानातून सामान्य माणसाच्या घरी पोहोचे. म्हणूनच ‘आपण सारे एक आहोत’ हा विचार या चित्रांतून दूरवर पसरू शकला.

त्या विचाराची तेव्हा निकडच होती. स्पेनच्या राजाविरुद्ध लढा पेटला होता. १५७९ मध्ये उत्तरेकडील प्रांतांनी उत्रेख्त येथे परस्पर संरक्षणाचा करार केला आणि त्यातून पुढे सात प्रांतांचे प्रजासत्ताक उभे राहिले. सिंहाच्या पंजातील सात बाणांची जुडी हे त्याचे चिन्ह. मुलांना लाकडांची मोळी मोडायला सांगणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. त्यामुळे या जुडीचा अर्थ आपल्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

मला अधिक विचारात पाडतो तो सिंहाच्या आकाराचा नकाशा. मिकाएल आयट्झिंगर यांच्या १५८३ च्या ग्रंथासाठी फ्रान्स होगेनबर्ग यांनी तो कोरला. समुद्रकिनारा ही सिंहाची पाठ, आणि सतराही प्रांत त्याच्या एकाच देहात! प्रत्यक्षात तेव्हा उत्तर आणि दक्षिण दुभंगत चालली होती. तरीही असे नकाशे पुढे अनेक दशके छापले जात राहिले. १६०९ मध्ये बारा वर्षांचा तह झाला. त्या काळात क्लास यान्स फिसर यांनी छापलेल्या नकाशात युद्ध झोपी गेलेले दिसते. पुढे मात्र एकट्या हॉलंड प्रांतालाच सिंहरूप देणारे नकाशेही निघाले.

मग तो पहिला सिंह खोटा होता का? मला तसे वाटत नाही. मोडू लागलेल्या घराची माणसे जुने एकत्र छायाचित्र जपून ठेवतात, तशीच ही प्रतिमा असावी. त्या सिंहाच्या अंगावर प्रत्येक प्रांताची सीमा आणि नाव स्पष्ट कोरलेले आहे. आपले वेगळेपण न पुसताही एका देहाचे अवयव होता येते, ही त्या कोरणीची शिकवण मला आजही मोलाची वाटते.