भिंतीत राहून गेलेल्या दुरुस्त्या

गिझरच्या प्लगच्या पिना जाड होत्या आणि न्हाणीघराबाहेरच्या सॉकेटची भोकं बारीक. विजेच्या कामाशी माझी पहिली गाठ पडली ती या अडचणीमुळे. २०१७चा डिसेंबर होता. आई वाईहून पहिल्यांदाच दिल्लीच्या थंडीत राहायला आली होती आणि सरोजिनी नगरातल्या आमच्या दुमजली सरकारी क्वार्टरमध्ये सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. वसाहत १९५०च्या दशकातली. जुने शेजारी तिला अजून विनय नगर म्हणत. २०१६च्या जुलैत केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधायला मंजुरी दिली, त्यांत आमचीही होती. तेव्हापासून कुठल्याही बिघाडावर कॉलनीत एकच उत्तर मिळायचं: पाडायचंच आहे, तात्पुरतं करून घ्या. मीही तात्पुरतंच करायला निघाले होते.

मार्केटमधल्या विजेच्या दुकानात अडचण सांगितली, तर दुकानदाराने काउंटरवरच्या डब्यातून एक पांढरा ठोकळा काढून दिला. कन्व्हर्जन प्लग. एका बाजूला जाड पिनांसाठी मोठी भोकं, दुसऱ्या बाजूला बारीक पिना. कशासाठी हवा, हे त्याने विचारलं नाही आणि विचारायला हवं, हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन लावला, गिझरचा लाल दिवा लागला, आईला बादलीभर कढत पाणी मिळालं. मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी आईने हाक मारली, "अगं, कसला करपल्यासारखा वास येतोय गं?" बटन बंद करून त्या ठोकळ्याला हात लावला आणि तसाच मागे घेतला, इतका तो तापला होता.

मग गिझरच्या पाठीवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली: २००० वॉट, २३० व्होल्ट. शाळेत शिकलेला भागाकार इतक्या वर्षांनी उपयोगी पडला. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे तारेतून किती वीज वाहते त्याचं माप. उत्तर आलं ८.७. माझ्या सॉकेटवर ५ लिहिलेलं होतं. तिथून पुढे सगळं उलगडत गेलं. आपल्याकडे घरगुती प्लगची दोन मापं असतात: दिवे, पंखे, चार्जर यांच्यासाठी ६ अँपिअरचं (जुन्या सॉकेटवर ५ असतं) आणि गिझर, हीटर यांच्यासाठी १६ अँपिअरचं. जास्त वीज ओढणारी वस्तू कमी ताकदीच्या सॉकेटमध्ये जाऊच नये, म्हणून मोठ्या प्लगच्या पिना मुद्दाम जाड केलेल्या असतात. प्लग न बसणं ही अडचण नव्हती, तो माझ्यासाठी घातलेला अडसर होता, आणि कन्व्हर्जन प्लगचं एकमेव काम तो अडसर काढून टाकणं.

एवढं कळल्यावर थांबायला हवं होतं. पण अर्धवट समजलं की हुरूप येतो. सॉकेट छोटा आहे ना, मग मोठा बसवू, असा सरळ हिशेब मी केला. १६ अँपिअरचा सॉकेट आणला, पेचकस आणला आणि टेस्टर. टेस्टर म्हणजे आत छोटा दिवा असलेला पेचकस. टोक वीज असलेल्या जागी लावून मागच्या धातूवर बोट ठेवलं की दिवा पेटतो. सॉकेटच्या उजव्या भोकात फेज, म्हणजे येणारी वीज. डाव्यात न्यूट्रल, म्हणजे परत जाणारी. वरच्या मोठ्या भोकात अर्थ, म्हणजे जमिनीकडे जाणारी वाट. मी बटन बंद केलं आणि निव्वळ टेस्टर कसा चालतो ते पाहावं म्हणून तो भोकात घातला. बटन बंद होतं, आणि टेस्टर पेटला.

बटन चालू करून पाहिलं, बंद करून पाहिलं. गिझर लावला तर बटन बंद करताच तो बंद पडायचा. टेस्टरला मात्र वीज दोन्ही वेळा दिसायची. टेस्टर खराब असेल असं वाटून शेजारून दुसरा आणला, तोही तसाच पेटला. बटनावर विसंबून मी तो सॉकेट उघडला असता तर बोटं थेट जिवंत तारेवर गेली असती. शेवटी मीटरजवळचा मेन स्विच पाडला, घरातलं सगळं बंद झाल्याची खात्री केली, टेस्टर पुन्हा लावून पाहिला आणि मगच प्लेट उघडली. आत एक लाल वायर होती, एक काळी. दोघींनाही मध्येच दुसरे तुकडे पिळून जोडलेले, वर गुंडाळलेली टेप वाळून पापुद्रे सुटलेले. अर्थच्या पेचाला काहीच जोडलेलं नव्हतं. वरचं ते मोठं भोक, ज्याच्या भरवशावर मी आईला न्हाणीघरात पाठवलं होतं, मागून रिकामं होतं. प्लेट पुन्हा लावली, त्या सॉकेटवर चिकटपट्टी मारली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी इन्क्वायरीत तक्रार नोंदवली. सरकारी कॉलनीत केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या देखभाल कार्यालयाला सगळे इन्क्वायरीच म्हणतात.

तिथून आलेले वायरमन निवृत्तीला टेकलेले होते. सॉकेट न उघडताच, टेस्टर लावून आणि बटन बंद-चालू करून ते म्हणाले, "मॅडम, हे बटन न्यूट्रलवर आहे." मला अर्थ कळला नाही, तेव्हा त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बटन नेहमी येणाऱ्या तारेवर असावं, म्हणजे बंद केल्यावर वीज बटनापाशीच थांबते. इथे ते परतीच्या तारेवर होतं. वाट तुटल्यामुळे गिझर बंद पडायचा, पण वीज त्याच्या आतपर्यंत येऊन उभी असायची.

"पण हे केलं कुणी?"

"आधी राहत असतील त्यांनी. किंवा त्यांच्याही आधीच्यांनी. इथे कोण किती वर्षं राहतं?"

हे मी कधी मनात आणलं नव्हतं. स्वतःच्या घरात माणूस स्वतःच्या हातच्या चुकांसोबत राहतो, त्याला निदान आठवत असतं की कपाटामागचा जोड आपण केलाय. सरकारी क्वार्टरमध्ये बदली होते, निवृत्ती येते, सामान ट्रकमध्ये चढतं आणि पिळलेले जोड भिंतीत राहतात. पुढच्या माणसाला ताबा मिळतो तेव्हा पंखे मोजतात, नळ पाहतात. प्लेटच्या मागे कुणी पाहत नाही. माझ्या आधी राहून गेलेल्या कुणीतरी एका रविवारी सॉकेट बदलला असेल, दिवा लागला असेल, घरातल्यांनी कौतुकही केलं असेल. त्या माणसाला काही झालं नाही. त्याच्या रविवारचा धोका माझ्या आईच्या वाट्याला आला होता.

वायरमननी मग विचारलं, "गिझर चालला कसा? फ्यूज उडायला हवा होता." या प्रश्नाचं उत्तर मीटरच्या बोर्डावर होतं. तिथे चिनीमातीचे जुने किटकॅट होते, म्हणजे हाताने ओढून काढायचे फ्यूज. त्यात दोन पेचांमध्ये एक तार असते. ५ अँपिअरची खरी फ्यूजतार केसासारखी बारीक असते, आणि तिने वितळावं हीच तिच्याकडून अपेक्षा असते. जास्त वीज वाहू लागली की भिंतीतली वायर तापण्याआधी ती तुटते. आमच्या किटकॅटमध्ये वायरीतून सोलून काढलेल्या तांब्याच्या तारांचा जाड पीळ होता. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून कुणीतरी तो उडणारच नाही असा करून ठेवला होता. त्यामुळे दिव्या-पंख्यांच्या वायरीवर गिझर चढला, तरी त्याला अडवायला वाटेत कुणी उरलं नव्हतं. प्रवाह दुप्पट झाला की वायरीत चौपट उष्णता तयार होते, आणि सैल जोडापाशी ती एका जागी साठते. माझा ठोकळा तापला ते माझं नशीब. तो बाहेर होता, म्हणून वास आला. भिंतीतला जोड तापला असता तर वास यायलाही उशीर झाला असता.

अर्थची गोष्ट त्यांनी सर्वांत शेवटी सांगितली, पण मला ती सर्वांत भयंकर वाटली. गिझरच्या आतली तापणारी कांडी जुनी झाली की फुटते आणि वीज पाण्यात, पत्र्यात उतरते. अर्थची तार असेल तर ती वीज जमिनीकडे जाते. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूसच तिची वाट होतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला ३० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही पुरेसा ठरू शकतो. ७ वॉटचा दिवा साधारण तेवढाच प्रवाह घेतो. ५ अँपिअरचा फ्यूज, अगदी नियमाने बसवलेला असला, तरी ५००० मिलिअँपिअरपर्यंत हूं की चूं करत नाही. फ्यूज आणि त्याच्या जागी आलेला एमसीबी वायर वाचवायला असतात. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो. तो गेलेली आणि परत आलेली वीज सतत ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणार्धात सगळं तोडतो. हा फरक मला तोवर माहीतच नव्हता, आणि मी पेचकस हातात घेतला होता.

मी लिहून दिलेल्या अर्जानंतर त्यांनी मेन बोर्डापासून गिझरपर्यंत चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर आणली, हिरव्या अर्थसकट. दिव्यांची वायर दीडची असते, हेही तेव्हाच कळलं. नुसता मोठा सॉकेट बसवून मी दीडच्या वायरीला चारचा मुखवटा घालणार होते. पण मी सर्वांत जास्त वेळ पाहत बसले ते त्यांचं वायरीच्या टोकाचं काम. तारा पिळून पेचाखाली दाबल्या की झालं, अशी माझी समजूत. त्यांनी टोकावर लग बसवला, म्हणजे धातूची छोटी टोपी, आणि तो क्रिम्पिंगच्या पकडीने असा दाबला की टोपी आणि तार एकजीव झाली. मग वायर जोर लावून ओढून पाहिली. मी विचारलं, हातोडीने ठोकून नाही का चालत? ते काम थांबवून माझ्याकडे पाहत राहिले आणि एकच शब्द बोलले: "उपहार."

उपहार सिनेमा आमच्या कॉलनीपासून फार लांब नाही, रिंग रोडच्या पलीकडे ग्रीन पार्कात. १३ जून १९९७ला तिथे दुपारच्या खेळाला 'बॉर्डर' लागला होता आणि आगीत ५९ माणसं गेली, शंभरावर जखमी झाली, एवढं मी ऐकून होते. आग लागली कशी, ते त्या रात्री वाचलं. इमारतीच्या तळमजल्यावर दिल्ली विद्युत बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच दिवशी सकाळी तो एकदा पेटला, कर्मचारी आले, जळालेल्या केबलची टोकं बदलली आणि दुपारच्या आत पुरवठा सुरू झाला. क्रिम्पिंग यंत्र नव्हतं, टोकं हातोडीने ठोकून बसवली, असं तपासात आणि न्यायालयात पुढे आलं. जोड सैल राहिला, ठिणग्या पडत राहिल्या, पाचच्या सुमारास केबल सुटून ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर आदळली, तेल गळलं आणि पेटलं. धूर जिन्यावाटे बाल्कनीत शिरला. जादा खुर्च्यांनी वाटा अरुंद झाल्या होत्या, बाहेर पडायचा एक मार्ग बंद होता. बहुतेक माणसं गुदमरून गेली. ती दुरुस्ती करणारे हौशी नव्हते, विजेच्या खात्यातलेच होते. हाताशी योग्य अवजार नव्हतं आणि काम लवकर संपवायचं होतं. दुपारभर वर सिनेमा चालला. वरच्या प्रेक्षकांना खाली काय ठोकलंय हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

मग मी नियम वाचायला घेतले. भारतीय वीज नियमांत १९५६पासून आणि त्यानंतर २०१०च्या केंद्रीय विनियमांतही ही रेघ आखलेली होती: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं जशीच्या तशी बदलायला हरकत नाही, मात्र जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलेल असं कुठलंही काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हायला हवं, आणि तेही जाणत्या, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. मला ही रेघ फार शहाणी वाटली. तिने मला अपात्र ठरवलेलं नव्हतं, बल्ब आणि पंख्याचा रेग्युलेटर माझ्याकडेच ठेवला होता. पाचच्या जागी सोळा बसवणं म्हणजे क्षमता बदलणं, आणि तिथे माझा हात थांबायला हवा. अडचण इतकीच की ही रेघ मार्केटच्या काउंटरवर दिसत नाही. तिथे बल्ब आणि कन्व्हर्जन प्लग एकाच डब्याशेजारी असतात आणि दोन्ही तितक्याच सहज मिळतात. परवाना विचारला जातो काम करणाऱ्याला. विकत घेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. निदान त्या ठोकळ्यावर तरी त्याने गिझर-हीटर लावू नये असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं, हिंदीत आणि चित्र काढून.

त्या आठवड्यात मी जिन्यातल्या सगळ्यांना आपापला किटकॅट उघडून पाहायला सांगत सुटले. मेन स्विच पाडून, हे आधी बजावत होते. वरच्या मजल्यावरच्या काकांनी शर्टाच्या बाह्या सरसावून, मेन स्विच न पाडताच आपला फ्यूज ओढून माझ्यापुढे धरला. त्यातही तोच जाड पीळ होता.

"बेटा, इतकी वर्षं हेच आहे. काही झालं नाही."

"काका, इतकी वर्षं याच्यावर काय चालत होतं?"

"दोन पंखे, ट्यूबलाइट, टीव्ही."

"आणि आता?"

त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. नातवासाठी परवाच आणलेला २००० वॉटचा हीटर पलंगाशेजारी लाल झाला होता आणि त्याची वायर भिंतीवरच्या एका पांढऱ्या ठोकळ्यात गेली होती. फ्यूज त्यांच्या हातात होता, तरी हीटर चालू होता. म्हणजे त्या खोलीची वीज भलत्याच वाटेने येत होती, आणि ती कुठली हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी जिन्यातला त्यांचा मेन स्विच पाडला आणि इन्क्वायरीला फोन लावला.